परीक्षक कोठे बसतो?

इंग्रजी भाषा कितपत येते याचे माप घ्यावयाचे आणि त्या मापावरून माणसास विद्यापीठाचे किंवा नोकरीचे दार उघडावयाचे, ही रीत आज घरोघरी परिचयाची झाली आहे. परदेशच्या विद्यापीठात प्रवेश हवा असलेला विद्यार्थी आणि एखाद्या मोठ्या कंपनीत नोकरी शोधणारा पदवीधर, दोघेही संगणकासमोर बसतात. पडद्यावर प्रश्न उमटतात, काही उत्तरे लिहावयाची असतात, काही बोलावयाची असतात, आणि थोड्याच दिवसांत एक आकडा हाती येतो. हे सारे संगणकाबरोबर आले असे वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः संगणक नवा आहे, रीत जुनी आहे. तिला एकशे ऐंशी वर्षांचा इतिहास आहे. आणि मध्य भारतातील जबलपूर शहराच्या वाटचालीत तो जितका स्पष्ट दिसतो तितका अन्यत्र क्वचितच दिसेल. कारण या शहरातील विद्यार्थ्याचा परीक्षक फार काळ एका जागी बसलाच नाही. तो कधी कलकत्त्यास होता, कधी अलाहाबादेस, कधी नागपुरास, कधी सागरास. पुढे तो खुद्द जबलपुरात आला. आणि आता इंग्रजीच्या परीक्षेपुरता तरी तो कोठे बसतो हे सांगणेच अवघड झाले आहे. परीक्षकाच्या या स्थलांतराची हकीकत म्हणजेच इंग्रजीच्या परीक्षेची हकीकत होय.

अठराव्या शतकात सागरचा मुलूख पेशव्यांच्या सत्तेखाली आला आणि त्या शतकाच्या अखेरीस जबलपूर नागपूरकर भोसल्यांकडे गेले. त्यांच्यामागोमाग कारकुनी, फडणिशी आणि कमाविशी करणारी मराठी घराणी या प्रदेशात येऊन राहिली. त्या घराण्यांतही परीक्षा होतीच. पण तिचे स्वरूप निराळे होते. मुलगा बापाच्या किंवा मामाच्या शेजारी बसे, मोडी अक्षर गिरवी, तोंडी हिशेब करी आणि ताळेबंद मांडावयास शिके. त्याचे अक्षर वाचता येते की नाही, बेरीज जुळते की नाही, हे फडावरचा वडीलधारा कारकून पाहत असे. परीक्षा आणि काम यांत अंतर नव्हते. परीक्षक आणि उमेदवार एकाच बैठकीवर बसत. या पद्धतीत दोष होता तो असा की, ज्याचा मामा फडावर नाही त्याला त्या बैठकीवर जागाच नव्हती. जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाताना ही गोष्ट विसरून चालणार नाही.

१८१७ च्या डिसेंबरात इंग्रजांनी जबलपूर घेतले आणि पुढच्या वर्षी सागरही त्यांच्या ताब्यात गेले. त्यानंतर दहाएक वर्षांनी सागरास एक लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट घडली. बंगालच्या तोफखान्यातील कॅप्टन जेम्स पेटन या अधिकाऱ्याने तेथे शाळा काढल्या आणि त्या कामी कृष्णराव नावाच्या एका मराठी गृहस्थांचे त्याला मोठे साहाय्य झाले. गव्हर्नर जनरल लॉर्ड विल्यम बेंटिंक सागरास आले असता त्यांच्या नजरेत हे गृहस्थ भरले. त्यांनी कृष्णरावांस कलकत्त्यास बोलावून इंग्रजीच्या अध्ययनाची सोय करून दिली आणि पुढे सागरच्या शाळांची देखरेख त्यांच्याकडे सोपविण्यात आली. १८३४ साली कृष्णरावांनी तयार केलेले, इंग्रजी आणि हिंदवी यांचे पहिले पाठ देणारे पुस्तक कलकत्त्यास छापले गेले. या प्रसंगातील क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. कृष्णराव आधी निवडले गेले आणि नंतर इंग्रजी शिकले. त्यांनी चालविलेली शाळा पाहून त्यांची पारख झाली. भाषा ही त्या पारखीनंतर हाती दिलेली सामग्री होती. पुढील दहा वर्षांत हा क्रम उलटा झाला.

७ मार्च १८३५ रोजी बेंटिंकच्याच सरकारने शिक्षणाचा सरकारी पैसा मुख्यतः इंग्रजी शिक्षणाकडे वळविण्याचा ठराव केला. १८३७ साली कचेऱ्यांतील फारसीचे बंधन उठविण्याचा कायदा झाला. फारसीची जागा खालच्या कचेऱ्यांत देशी भाषांनी घेतली, वरच्या दप्तरांत इंग्रजीने घेतली. आणि १० ऑक्टोबर १८४४ रोजी लॉर्ड हार्डिंज यांच्या सरकारचा तो प्रसिद्ध ठराव निघाला, ज्यात सरकारी नोकऱ्यांसाठी इंग्रजी शाळांतून शिकून पुढे आलेल्या तरुणांस अग्रक्रम देण्याचे जाहीर झाले. नोकरी देणाऱ्याने इंग्रजीची परीक्षा हे उमेदवार निवडण्याचे साधन म्हणून उघडपणे स्वीकारले, ते या दिवशी. आजच्या संगणकीय परीक्षेचा वंशवृक्ष काढावयाचा झाल्यास त्याचे मूळ या ठरावापाशी दाखवावे लागेल.

ठराव सोपा होता, परंतु त्याचा अंमल कसा करावयाचा हा प्रश्न बिकट ठरला. बंगालच्या शिक्षणमंडळाने लायक विद्यार्थ्यांची यादी करण्यासाठी जी परीक्षा ठेवली ती इंग्रजी वाङ्मयाच्या सखोल अभ्यासाची होती. शेक्सपिअर, मिल्टन आणि बेकन यांचे मर्म सांगू शकेल तोच यादीत येई. मिशनरी शाळांनी तक्रार केली की, ही परीक्षा सरकारी महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमावर बेतलेली असल्यामुळे इतर शाळांची मुले तीतून आपोआप वगळली जातात. शिवाय महसुलाची नोंद ठेवणाऱ्या कारकुनास मिल्टनचे काव्य समजले पाहिजे याचे कारण कोणास देता येईना. अपेक्षेच्या मानाने फारच थोड्या जागा या मार्गाने भरल्या गेल्या. १८५४ सालच्या चार्ल्स वुड यांच्या खलित्यानेही ही गोष्ट मान्य केली आणि नोकरीसाठी वाङ्मयातील प्रावीण्याचा आग्रह धरणे युक्त नव्हे असे सुचविले. इंग्रजीच्या परीक्षेवर घेतलेला पहिला गंभीर आक्षेप तिच्या जन्मानंतर दहा वर्षांच्या आतच, आणि तोही खुद्द राज्यकर्त्यांच्या दप्तरात नोंदला गेला. परीक्षा कामाला साजेशी हवी, हा तो आक्षेप होता.

१८५७ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे विद्यापीठे निघाली. त्यांच्या प्रवेशपरीक्षेस कलकत्त्यास एन्ट्रन्स आणि मुंबईस मॅट्रिक्युलेशन म्हणत. कलकत्त्याच्या पहिल्या एन्ट्रन्सला २४४ विद्यार्थी बसले आणि १६२ उत्तीर्ण झाले. मुंबईची पहिली मॅट्रिक्युलेशन १८५९ साली झाली. तिला १३२ विद्यार्थी बसले आणि त्यांपैकी सुमारे वीसच पार पडले. त्या मूठभरांत महादेव गोविंद रानडे होते. कलकत्त्याच्या पहिल्या बी. ए. परीक्षेत, १८५८ साली, बंकिमचंद्र चट्टोपाध्याय आणि जदुनाथ बोस हे दोघेच उत्तीर्ण झाले. आणि तेही एका विषयात थोडे गुण कमी पडले असता विद्यापीठाने ते कृपेने भरून दिल्यावर. ज्या लेखकाने पुढे बंगाली कादंबरीस रूप दिले त्याची पदवी परीक्षकांच्या या विचारविनिमयावर अवलंबून होती, ही गोष्ट मौजेची खरी, पण अर्थपूर्णही आहे. परीक्षक म्हणजे माणसे होती, ती एकत्र बसत आणि शंका आल्यास एकमेकांशी बोलत.

सागरची ती शाळा पुढे जबलपुरास हलविण्यात आली आणि तिच्यातूनच जबलपूरचे शासकीय महाविद्यालय निर्माण झाले. १८७३ हे वर्ष त्याच्या जबलपुरातील स्थापनेचे मानले जाते. विसाव्या शतकात मध्यप्रांताचे चीफ कमिशनर सर बेंजामिन रॉबर्टसन यांच्या नावाने ते रॉबर्टसन कॉलेज म्हणून ओळखले जाऊ लागले. मध्यप्रांत हा स्वतंत्र प्रांत १८६१ साली झाला होता, पण त्याला स्वतःचे विद्यापीठ नव्हते. जबलपूरचा विद्यार्थी कलकत्त्याच्या विद्यापीठाची परीक्षा देई. १८६७ साली अलाहाबादहून जबलपूरपर्यंत आगगाडी आली आणि १८७० च्या मार्चमध्ये मुंबईहून येणारा लोहमार्ग जबलपुरास येऊन मिळाला. मुंबई आणि कलकत्ता ही दोन शहरे लोहमार्गाने जोडली गेली ती या गावात. त्याच मार्गाने विद्यार्थ्याचे भवितव्य मोहोरबंद पुडक्यांतून शेकडो मैल दूर जाई आणि निकालाच्या यादीच्या रूपाने परत येई. आपली उत्तरे कोणी तपासली, ती का नापसंत झाली, हे विचारण्यास त्याला जागा नव्हती.

आणखी एक बदल याच काळात झाला आणि त्याचा परिणाम फार दूरवर पोहोचला. कलकत्ता विद्यापीठाच्या आरंभीच्या नियमांप्रमाणे एन्ट्रन्सचा विद्यार्थी इतिहास, भूगोल आणि गणित या विषयांची उत्तरे आपल्या भाषेत लिहू शकत असे. १८६१-६२ च्या सुमारास हा नियम बदलला आणि उत्तरे इंग्रजीतच लिहिली पाहिजेत असे ठरले. वरवर पाहता हा कार्यालयीन सोयीचा बदल होता. परंतु त्यामुळे इंग्रजीची परीक्षा एका प्रश्नपत्रिकेपुरती न राहता प्रत्येक प्रश्नपत्रिकेत शिरली. त्रैराशिक सुटले की नाही हे पाहण्यापूर्वी त्याची इंग्रजी पाहिली जाऊ लागली. जबलपुरातील मराठी घरातल्या मुलाची अवस्था विशेष अवघड होती. घरात मराठी, रस्त्यावर व बाजारात हिंदी आणि परीक्षेत इंग्रजी, अशा तीन भाषांच्या तीन काठांवर त्याला उभे राहावे लागे. जो तिन्हींवर पाय रोवी तो पुढे जाई. परंतु जो तिसऱ्या काठावर घसरे त्याचे पहिल्या दोन भाषांतील ज्ञानही हिशेबात धरले जात नसे.

विद्यापीठात शिकण्यास विद्यार्थी योग्य आहे की नाही एवढेच ठरविण्यासाठी निघालेली ही परीक्षा लवकरच नोकरीची परीक्षा झाली. कलेक्टर कचेरी, रेल्वे, तारखाते आणि व्यापारी पेढ्या, सर्वांनाच एक तयार मोजपट्टी मिळाली. मॅट्रिक पास की नापास हा प्रश्न नोकरीच्या अर्जात आला आणि तेथून लग्नाच्या बोलणीतही आला. १८८२ साली नेमलेल्या हंटर आयोगापुढे हा प्रश्न उभा राहिला. सर्व माध्यमिक शिक्षण एकाच परीक्षेकडे धावत असल्याचे पाहून आयोगाने विद्यापीठाकडे जाणारा एक मार्ग आणि व्यवहारोपयोगी शिक्षणाचा दुसरा मार्ग असे दोन फाटे सुचविले. सूचना कागदावर राहिली म्हटले तरी चालेल. कारण नोकरी देणारे पहिल्याच मार्गाचा दाखला मागत राहिले. परीक्षेला बळ परीक्षकाने दिले त्याहून अधिक ते तिच्या दाखल्यावर विसंबणाऱ्या कचेरीने दिले, हा धडा त्या काळाने शिकविला.

१८८७ साली अलाहाबाद विद्यापीठ स्थापन झाले आणि जबलपूरचा परीक्षक कलकत्त्याहून अलाहाबादेस आला. अंतर निम्म्याहून कमी झाले. १९२३ च्या ऑगस्टमध्ये नागपूर विद्यापीठ निघाले आणि परीक्षक प्रांताच्या राजधानीत, मराठी मुलखात येऊन बसला. याच दशकात मध्यप्रांतातील माध्यमिक शाळांत देशी भाषांना शिक्षणाचे माध्यम करण्याचे पाऊल उचलले गेले. १९४६ च्या जुलैत सागर विद्यापीठाची स्थापना झाली. त्याचे संस्थापक सर हरिसिंग गौर हे सागरचे. सागर, जबलपूर आणि नागपूर येथे शिकून ते केंब्रिजला गेले, मोठे कायदेपंडित झाले आणि आयुष्याच्या कमाईतून वीस लाख रुपये देऊन त्यांनी आपल्या गावी विद्यापीठ काढले. ज्या मुलाला शिक्षणासाठी गावोगाव जावे लागले होते त्याने उतारवयात विद्यापीठच आपल्या गावी आणले. शेवटी १९५६ साली जबलपुरात स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झाले. १९८३ पासून ते राणी दुर्गावतीच्या नावाने ओळखले जाते. कलकत्त्यापासून निघालेला परीक्षक शंभर वर्षांनी विद्यार्थ्याच्या दारी आला.

या जवळिकीचा लाभ केवळ प्रवासखर्चाचा नव्हता. परीक्षक जवळ असला म्हणजे त्याला प्रश्न विचारता येतो. गुणांची फेरमोजणी, फेरतपासणी, कुलगुरूंकडे अर्ज, प्रसंगी मोर्चा, हे सारे त्या जवळिकीतून येते. कचेरीत खेटे घालावे लागले तरी कचेरी कोठे आहे हे ठाऊक असते. या वाटेचे शेवटचे टोक म्हणजे २०११ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली परीक्षार्थीला आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क आहे, असे न्यायालयाने त्यात सांगितले. पुढे २०१८ साली संघ लोकसेवा आयोगाच्या परीक्षेच्या संदर्भात या हक्काला काही मर्यादा पडल्या. तरीही परीक्षक हा उत्तरदायी आहे, हे तत्त्व भारतीय कायद्यात रुजले. कलकत्त्याच्या निकालाची वाट पाहणाऱ्या विद्यार्थ्याला ही कल्पनाही करता आली नसती.

स्वातंत्र्यानंतर इंग्रजीचे स्थान कोणते, हा वादही याच शहराच्या आसपास लढला गेला. १९५० साली त्या वेळच्या मध्यप्रदेशाने हिंदी आणि मराठी या दोन भाषांना राजभाषा म्हणून मान्यता दिली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि जबलपूर नव्या मध्यप्रदेशात राहून तेथील उच्च न्यायालयाचे ठिकाण झाले. घटनेच्या ३४८ व्या कलमाप्रमाणे उच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी. परंतु १९७१ साली मध्यप्रदेशच्या उच्च न्यायालयात हिंदीच्या वापरास अनुमती मिळाली. संघ लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत १९७९ पासून भारतीय भाषांत उत्तरे लिहिता येऊ लागली. त्या परीक्षेत इंग्रजीची एक प्रश्नपत्रिका ठेवली गेली, पण ती केवळ पात्रतेपुरती. तीत किमान गुण मिळाले की पुरे, गुणानुक्रमात ते धरले जात नाहीत. २०१३ साली हे गुण गुणानुक्रमात धरण्याचा प्रयत्न झाला तेव्हा महाराष्ट्रासह ठिकठिकाणी विरोध झाला आणि तो निर्णय मागे घ्यावा लागला. २०१४ साली पूर्वपरीक्षेतील इंग्रजी आकलनाच्या प्रश्नांविषयी असेच झाले. त्यांचे गुण धरले जाणार नाहीत असे सरकारने जाहीर केले. कामापुरती भाषा येते की नाही हे पाहणे वेगळे आणि भाषेवरून माणसांची चढती भाजणी लावणे वेगळे, हा विवेक देशाच्या सर्वोच्च नोकरपरीक्षेने अशा रीतीने अंगीकारला.

परंतु याच काळात दुसरा एक परीक्षक समुद्रापलीकडे तयार होत होता. अमेरिकेतील विद्यापीठांत येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांसाठी टोफेल ही परीक्षा १९६४ साली सुरू झाली. ब्रिटन व ऑस्ट्रेलिया यांच्या पुढाकाराने १९८९ साली आयेल्ट्स आली. टोफेल १९९८ मध्ये संगणकावर आणि २००५ मध्ये आंतरजालावर गेली. २००९ मध्ये पिअर्सन कंपनीची परीक्षा आली, तिच्यात गुण देण्याचे काम यंत्राकडे गेले. त्याआधीच, १९९० च्या दशकात, दूरध्वनीवरून बोलणे ऐकून यंत्राने गुण देण्याची युक्ती अमेरिकेत निघाली होती. दूरध्वनीवर ग्राहकांशी बोलणारी माणसे नेमणाऱ्या कंपन्यांना अशा परीक्षांचा मोठा उपयोग झाला. २०१६ च्या सुमारास घरबसल्या देता येणारी ड्युओलिंगोची परीक्षा पुढे आली. आणि २०२० च्या महासाथीत परीक्षाकेंद्रे बंद पडताच जगातील कित्येक विद्यापीठांनी असल्या घरच्या परीक्षांचे गुण मान्य केले.

या परीक्षांची यंत्रणा समजून घेणे अगत्याचे आहे. त्यांपैकी काहींत सर्वांना एकच प्रश्नपत्रिका नसते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बरोबर आले तर पुढचा प्रश्न अधिक कठीण येतो, चुकले तर सोपा येतो. प्रत्येक प्रश्नाचा कठीणपणा आधीच आकड्यात मांडलेला असतो. त्यामागील गणित डेन्मार्कचे जॉर्ज राश आणि अमेरिकेतील त्यांचे समकालीन यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास मांडले. थोड्या प्रश्नांत अंदाज स्थिर झाला की परीक्षा संपते. निबंध तपासणारे यंत्र वाक्यांची रचना, शब्दांची विविधता आणि मजकुराचा क्रम मोजते. १९६६ सालापासून या दिशेने प्रयत्न चालू आहेत. बोलणे तपासणारे यंत्र उच्चार, गती आणि विराम मोजते. काही परीक्षांत यंत्राबरोबर माणूसही असतो, काहींत माणूस शंकेच्या वेळीच येतो. कॅमेऱ्यातून उमेदवाराची नजर आणि खोली पाहिली जाते.

या पद्धतीचे गुण नाकारण्यात अर्थ नाही. जबलपूरच्या विद्यार्थ्याला परीक्षेसाठी दिल्लीची किंवा भोपाळची गाडी पकडावी लागत नाही. यंत्र आडनाव पाहत नाही, ओळख मानीत नाही, दुपारी थकत नाही. ज्याचा मामा फडावर नाही त्यालाही येथे जागा आहे. जुन्या बैठकीवरचा मोठा अन्याय या यंत्राने दूर केला असे म्हणावयास हरकत नाही. मात्र त्याने स्वतःचे काही नवे अन्याय आणले आहेत. घरातील गलका, तुटणारी जोडणी, एका खोलीत चार माणसे राहणारे बिऱ्हाड, यांची नोंद आकड्यात होत नाही. उलट त्यांचाच संशय येतो. महाकोशलातील माणसाचा उच्चार यंत्राला ज्या आवाजांवर शिकविले त्यांत होता की नव्हता, हे उमेदवाराला कळण्याचा मार्ग नाही. शिवाय मॅट्रिकचा दाखला जन्मभर चाले. या परीक्षांचे गुण सामान्यतः दोनच वर्षे ग्राह्य असतात. भाषा तीच, माणूस तोच, पण शुल्क पुन्हा भरावे लागते.

सर्वांत गंभीर प्रश्न दाद मागण्याचा आहे, आणि त्याचे उदाहरण ब्रिटनमध्ये घडले. २०१४ च्या फेब्रुवारीत बीबीसीच्या एका कार्यक्रमाने लंडनमधील परीक्षाकेंद्रांत टोइक या इंग्रजी परीक्षेच्या वेळी चाललेली तोतयेगिरी उघड केली. व्हिसासाठी ही परीक्षा चाले. फसवणूक खरी होती यात संशय नाही. त्यानंतर परीक्षा घेणाऱ्या संस्थेने आवाज ओळखणाऱ्या यंत्राच्या साहाय्याने जुनी ध्वनिमुद्रणे तपासली. ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २०१९ साली दिलेल्या अहवालाप्रमाणे ५८,४५८ परीक्षांपैकी सुमारे ९७ टक्के परीक्षा संशयास्पद ठरविल्या गेल्या. हजारो परदेशी विद्यार्थ्यांचे व्हिसा रद्द झाले. त्यांत भारतीय पुष्कळ होते. त्यांपैकी कित्येकांनी आपण निर्दोष आहोत असे सांगून वर्षानुवर्षे न्यायालयात झगडा केला आणि काहींना यशही आले. दोषी किती आणि निर्दोष किती हे ठरविण्याची वेळ आली तेव्हा पुरावा यंत्राच्या यादीत होता, आणि ती यादी तपासून पाहण्याचे सामर्थ्य विद्यार्थ्यांपाशी नव्हते. माहितीच्या अधिकाराचा भारतीय कायदा परदेशी खासगी संस्थेला लागू होत नाही. जबलपुरात बसून परीक्षा देणारा तरुण या बाबतीत मोहोरबंद पुडक्यांच्या काळातील आपल्या पणजोबांच्या जवळ येऊन उभा राहतो.

दरम्यान इंग्रजीच्या आवश्यकतेविषयीचा विचारही थांबलेला नाही. २०२२ च्या ऑक्टोबरात मध्यप्रदेशात वैद्यकीय पदवीच्या पहिल्या वर्षाची हिंदी पाठ्यपुस्तके प्रकाशित झाली. त्या राज्याचे वैद्यकीय विद्यापीठ जबलपुरातच आहे. हिंदीतून शरीरशास्त्र शिकलेला डॉक्टर परदेशी जाऊ पाहील तेव्हा त्यालाही इंग्रजीची परीक्षा द्यावी लागेल, आणि ते अयोग्यही नाही. रुग्णाची भाषा डॉक्टरला आली पाहिजे. ज्या भाषेला मराठी माणसाने वाघिणीचे दूध म्हटले तिचे महत्त्व कमी झालेले नाही. प्रश्न परीक्षा असावी की नसावी हा नाहीच.

इतिहास दोन कसोट्या पुढे करतो. पहिली वुडच्या खलित्यात सापडते: परीक्षेने कामाला लागेल तेवढीच भाषा मोजावी. ग्राहकाच्या तक्रारी ऐकणाऱ्याचे ऐकणे व बोलणे मोजावे, संशोधकाचे वाचन मोजावे. परंतु एकाच आकड्याने दोघांचीही योग्यता ठरवू नये. ही जबाबदारी परीक्षा घेणाऱ्या कंपनीपेक्षा तो आकडा मागणाऱ्या विद्यापीठाची व मालकाची अधिक आहे, कारण मॅट्रिकला सर्वशक्तिमान करणारी कचेरीच होती. दुसरी कसोटी जबलपूरच्या शंभर वर्षांच्या वाटचालीत सापडते. परीक्षक कलकत्त्यास असो, नागपुरास असो वा एखाद्या यंत्रात असो, त्याचा निकाल ज्याच्या आयुष्यावर पडतो त्याला कारण विचारता आले पाहिजे, आपले उत्तर पुन्हा पाहता आले पाहिजे आणि शेवटी एखाद्या माणसापुढे आपले म्हणणे मांडता आले पाहिजे. गुण स्वीकारणाऱ्या भारतीय विद्यापीठांना व कंपन्यांना ही अट परीक्षा घेणाऱ्यांवर घालता येईल; तशी अट घातल्याशिवाय गुण मान्य करणे त्यांना बंधनकारक नाही. बंकिमचंद्रांच्या उत्तरपत्रिकेवर परीक्षकांनी पुन्हा एकदा विचार केला, म्हणून ते पदवीधर झाले. तेवढा पुनर्विचार जबलपूरच्या उमेदवाराच्या वाट्यालाही यावा, एवढीच या इतिहासाची मागणी आहे.